आठ-दहा हार्ड डिस्कच्या घरगुती मीडिया सर्व्हरसाठी कॅबिनेट कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. जुन्या टॉवर कॅबिनेटमध्ये चार-चार टीबीच्या सहा हार्ड डिस्क आहेत आणि त्यातल्या दोन केबल टायने पट्टीला बांधल्या आहेत. सिनेमे, वडिलांनी जमवलेली नाट्यगीतं, घरातल्या लग्नमुंजींच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेलं चित्रण, असा सगळा ऐवज त्यांच्यावर आहे. आता आठ आणि पुढे दहा डिस्क बसतील असं कॅबिनेट हवं. ते हॉलमधल्या टीव्ही युनिटमध्ये मावायला हवं, आवाज नको, आणि एकट्या कॅबिनेटवर पंधरा हजारांच्या वर जायचं नाही. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ८०४, जॉन्सबोचं एन३, की मित्राने सुचवलेली जुनी २४ डिस्कची रॅक केस (ऑफिसातल्या सर्व्हरच्या मांडणीत बसणारी आडवी पेटी), यातलं काय घ्यावं?

आधी उत्तर देऊन टाकतो. टीव्ही युनिटची अट सोडता येत असेल तर आठ कप्प्यांचा साधा, उभा, जाड पत्र्याचा टॉवर घ्या आणि तो हॉलच्या कोपऱ्यात किंवा पॅसेजमध्ये जमिनीवर ठेवा. ती अट पक्कीच असेल तर नोड ८०४ घ्या, पण मग युनिटची मागची फळी कापावी लागेल. रॅक केस घरात आणू नका. पुण्यात घरांचे आणि छोट्या ऑफिसांचे सर्व्हर जोडणं, उघडणं, साफ करणं हेच माझं वीसेक वर्षांचं काम आहे, आणि या उत्तरामागची कारणं तुम्हाला नीट कळावीत असं मला वाटतं. कारण दुकानात ऐन वेळी चौथाच पर्याय समोर येतो, आणि तेव्हा कारणं ठाऊक असली तरच निवडता येतं.

कॅबिनेटकडे वळण्याआधी डिस्क मोजून घ्या. चार टीबीच्या सहा म्हणजे २४ टीबी. तेवढी जागा १२ टीबीच्या दोन डिस्कमध्ये मिळते. फिरती डिस्क काही काम न करता बसून असली तरी साधारण ५ वॅट खाते, म्हणजे चोवीस तास चालू ठेवली तर महिन्याला ३.६ युनिट. सहाच्या जागी दोन आल्या की महिन्याला चौदा युनिट वाचतात, आणि ज्यांचं बिल ३०० युनिटच्या स्लॅबच्या काठावर असतं त्यांना ते जाणवतं. जुन्या चालू डिस्क टाकवत नाहीत हे मला समजतं. पण त्यांची जागा कपाटात आहे: त्यांच्यावर बॅकअप घ्या, फोमच्या डब्यात ठेवा, वर्षातून दोन-तीनदा जोडून बघा. दहा-बारा कप्प्यांची गरज बहुतेक घरांत या जुन्या डिस्कमुळेच निर्माण होते. तुम्हाला आठ कप्पे पुष्कळ झाले, त्यातही दोन रिकामे राहतील, आणि ते रिकामे राहिलेले फार उपयोगी पडतात.

आता मुद्द्यावर येतो. लोक कॅबिनेट घेताना कप्पे मोजतात. मी दोन दिवस डोळ्यांपुढे आणतो. एक, मे महिन्यातला तो दिवस जेव्हा पॅरिटी चेक (डेटा शाबूत आहे का ते बघायला सगळ्या डिस्क वाचणारी तपासणी) चालू आहे आणि सगळ्या डिस्क एकदम पळताहेत. दुसरा, एखादी डिस्क उडाली तो दिवस. या दोन दिवशी जे कॅबिनेट नीट वागेल तेच चांगलं. बाकीच्या दिवशी काय, खोक्यात ठेवलेला सर्व्हरसुद्धा चालतो.

पहिला दिवस घेऊ. साडेतीन इंची डिस्क २६.१ मिलिमीटर जाड आणि १०१.६ मिलिमीटर रुंद असते. तिची उष्णता दोन्ही सपाट अंगांनी आणि कडांनी बाहेर पडते, म्हणून दोन डिस्कमध्ये फट किती आणि त्या फटीतून वारा खरोखर जातो का, एवढंच बघायचं असतं. उदाहरणादाखल, सव्वापाच इंची, म्हणजे सीडी ड्राइव्हच्या मापाच्या, तीन कप्प्यांत पाच डिस्क बसवणारे पिंजरे मिळतात. त्यात डिस्क उभ्या बसतात. कप्प्याची रुंदी १४६ मिलिमीटर, पाच डिस्कची जाडी १३०.५. उरले साडेपंधरा, आणि त्यातूनच ट्रेच्या भिंतींची जाडीही जायची. म्हणजे दोन डिस्कमध्ये वाऱ्याला जेमतेम दोन मिलिमीटर मिळतात. त्यातून हवा ढकलायला मागचा छोटा पंखा जोरात फिरावा लागतो आणि तो किणकिणत राहतो. त्याच तीन कप्प्यांत चार डिस्क आडव्या बसवणारा पिंजरा घेतला तर प्रत्येकीला ३१ मिलिमीटर मिळतात, पाच मिलिमीटरची फट राहते, आणि समोर १२० मिलिमीटरचा पंखा बसतो. एक डिस्क कमी होते, पण तापमानात आणि आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कुठलंही कॅबिनेट बघताना असाच हिशोब करा: पिंजऱ्याची उंची (डिस्क उभ्या असतील तर रुंदी) भागिले डिस्क. उत्तर ३० च्या वर असेल तर पुढचं बघायचं.

फट असली तरी वारा तिथून जाईलच असं नाही. हवा पाण्यासारखीच सोपी वाट धरते. पिंजऱ्याच्या बाजूला मोकळी जागा असेल तर पंख्याने आत घेतलेली हवा डिस्कना वळसा घालून मागे निघून जाते. हे बघायला मी उदबत्ती वापरतो. कॅबिनेटचं झाकण लावायचं, पंखे नेहमीच्या वेगाने ठेवायचे, आणि पेटलेली उदबत्ती समोरच्या जाळीपुढून हळूहळू खालून वर न्यायची. धूर कुठे ओढला जातो, कुठे तसाच वर जातो, कुठे उलटा बाहेर फेकला जातो, हे लगेच दिसतं. गेल्या उन्हाळ्यात बाणेरच्या एका घरी खालच्या दोन डिस्क वरच्यांपेक्षा आठ अंशांनी गरम होत्या. उदबत्ती खाली नेली तर धूर सरळ वर. खालच्या पंख्यासमोर जाळीत धुळीचा थर घट्ट बसला होता आणि पिंजऱ्याच्या डाव्या अंगाला चार बोटांची फट होती. जाळी धुतली, फट पुठ्ठा आणि फोमच्या पट्टीने बंद केली, खर्च शंभर रुपयांच्या आत. फरक आठ अंशांवरून दोनवर आला. तेव्हा कॅबिनेट निवडताना पिंजरा पुढच्या पंख्यांना चिकटून आहे का आणि दोन्ही बाजूंनी बंद आहे का, हे आधी बघा. पंखेही त्यासाठी दाब देणारे हवेत, म्हणजे ज्यांच्या खोक्यावर स्टॅटिक प्रेशरचा उल्लेख असतो ते. १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन पंखे मिनिटाला ८००-९०० फेऱ्यांवर ठेवले की आठ डिस्कना पुरतात आणि ऐकूही येत नाहीत.

तापमान किती चालतं? बहुतेक कंपन्या आपल्या नॅस, म्हणजे नेटवर्क स्टोरेजसाठीच्या, डिस्कना ६० ते ६५ अंशांपर्यंत चालण्याची मुभा देतात. गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानात आणि डिस्क बिघडण्यात लोक समजतात तेवढा घट्ट संबंध दिसला नाही. फरक दिसला तो फार गरम आणि जुन्या डिस्कमध्ये. म्हणून ४२ ऐवजी ३८ अंश यावेत यासाठी झोप घालवू नका. पण पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, दुपारी बंद फ्लॅटमध्ये खोलीच ३५-३६ अंशांवर जाते, आणि डिस्क खोलीपेक्षा दहा-बारा अंश वर असतेच. म्हणजे जे कॅबिनेट डिसेंबरात ३४ दाखवतं ते मे महिन्यात ४८ दाखवेल. आणि पॅरिटी चेक म्हणजे दोन तासांचं काम नाही. १६ टीबीची डिस्क सरासरी १८० एमबी प्रति सेकंदाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला जवळजवळ पंचवीस तास लागतात, आणि तेवढा वेळ सगळ्या डिस्क एकत्र तापतात. मी हद्द अशी धरतो: एरवी ४५ च्या आत, पॅरिटी चेकला ५० च्या आत. डिस्क एकत्र चालवायला अनरेड किंवा स्नॅपरेड ही सॉफ्टवेअर वापरत असाल तर एरवी एकच डिस्क जागी असते आणि बाकीच्या झोपतात, त्यामुळे रोजचे आकडे गोड दिसतात. त्यांच्यावर जाऊ नका. झेडएफएस या दुसऱ्या पद्धतीत सगळ्या जाग्याच असतात.

या हिशोबात टीव्ही युनिट कुठे बसतं ते बघा. आठ डिस्क पळताना पन्नासेक वॅट, बोर्ड आणि पंखे धरून पंचवीस. पूर्वी घरात पिवळा दिवा लावायचे ना, तसा ७५ वॅटचा दिवा बंद कपाटात चोवीस तास लावून ठेवल्यासारखं आहे हे. पुढे काचेचं दार आणि मागे बंद फळी असेल तर कुठलंही कॅबिनेट घ्या, तासाभरात ते स्वतःचीच गरम हवा परत ओढू लागतं. नोड ८०४ ची खोली ३८९ मिलिमीटर आहे. मागच्या केबलसाठी आणखी पन्नास-साठ धरा. बहुतेक टीव्ही युनिटांत एवढी खोली मिळत नाही, म्हणून मागची फळी कापायची असं म्हटलं. सुताराला एवढंच सांगा की कॅबिनेटच्या मागच्या अंगाएवढं पूर्ण भोक पाड. केबलपुरतं गोल भोक पाडून काही उपयोग नाही. आणि दार काढून ठेवा.

लाकडी युनिटची दुसरी अडचण आवाजाची. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. तो थरथराट पत्र्यात उतरतो, पत्र्यातून फळीत, आणि प्लायवूडचं पोकळ युनिट डग्ग्यासारखं घुमतं. शिवाय दोन डिस्क कधीच तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत. त्या किंचित फरकामुळे आवाज वाढतो, ओसरतो, परत वाढतो. रात्री अकरानंतर घर शांत झालं की ही लाट ऐकू येते आणि एकदा लक्षात आली की झोपेत शिरते. पंखा बदलून ती जात नाही, कारण ती पंख्याची नसतेच. यावर उपाय डिस्कपाशीच करावा लागतो. ट्रेमध्ये रबरी बुश असलेलं कॅबिनेट घ्या. बुश वाळून कडक झाले असतील तर नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मापाचे रबर मिळतात, जुना बुश नमुन्याला न्या. कॅबिनेटखाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याखाली चार जाड रबरी गोट्या ठेवा. वजनदार दगड थरथराट पुढे जाऊ देत नाही. जमिनीवर ठेवलेल्या टॉवरला हे सहज जमतं, युनिटच्या फळीवर तेवढं नाही.

पत्रा दुकानातच तपासा. झाकण काढून हातात धरा आणि दोन बोटांनी टिचकी मारा. पातळ पत्रा टण्णकन वाजतो आणि कोपरा दाबला की पीळ खातो. ०.८ मिलिमीटरचा पत्रा आणि आतून चिकटवलेली जड पट्टी असेल तर आवाज बसका येतो. मोठ्या डिस्कचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं, आठांचं साडेपाच किलो. स्वस्त गेमिंग कॅबिनेटमध्ये पुढे काच, आत रंगीत दिवे आणि डिस्कसाठी दोन प्लास्टिकचे ट्रे असतात. त्यांची वाट तुम्ही धरू नका.

आता दुसरा दिवस, डिस्क उडाल्याचा. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण डेटा बहुतेक वेळा डिस्क उडाल्याने जात नाही, ती बदलताना जातो. एका ऑफिसात माझ्याच हातून असं झालं होतं. आठ डिस्कचा रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी जोडणी), त्यातली एक गेली. कॅबिनेट असं की डिस्क चार-चारच्या पिंजऱ्यांत, आणि एक काढायची तर अख्खा पिंजरा सोडवायचा. डिस्कचा अनुक्रमांक तिच्या सपाट अंगावर छापलेला, म्हणजे शेजारच्या डिस्कने झाकलेला. टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा त्या फटीत घालून मी आकडे वाचले, बरोबर डिस्क ओळखली, काढली, नवी घातली. पण पिंजरा परत बसवताना शेजारच्या डिस्कची साटा (डिस्क बोर्डाला जोडणारी) केबल अर्धा मिलिमीटर सैल झाली. सुरू केल्यावर दुसरी डिस्क गायब आणि डिस्कचा अख्खा संच, म्हणजे अ‍ॅरे बंद. केबल बसवून, एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड सॉफ्टवेअरला सक्तीने जोडायला लावून सगळं परत आलं. त्यात तीन तास गेले, आणि त्या तीन तासांत मालकाच्या चेहऱ्याकडे बघण्याची माझी हिंमत नव्हती. तेव्हापासून कॅबिनेट बघताना मी हाताने तालीम करतो: बाकी एकाही केबलला स्पर्श न करता मधली डिस्क बाहेर काढता येते का?

बाजूने सरकणारे ट्रे असलेला टॉवर या परीक्षेत बरा ठरतो. एक झाकण उघडा, दोन केबल काढा, ट्रे ओढा. पुढून सरकणाऱ्या ट्रेचं आणि मागे बॅकप्लेन (डिस्क थेट जिच्यात घुसतात ती सर्किटची पाटी) असलेलं कॅबिनेट त्याहून सोपं. पिंजरा टांगणारी कॅबिनेट इथे कमी पडतात, आणि नोड ८०४ त्याच जातीचं आहे. तरी घेतलंत, तर बसवण्याआधीच प्रत्येक डिस्कच्या दिसणाऱ्या कडेवर अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे पांढऱ्या पट्टीवर लिहून चिकटवा, तेच आकडे केबलच्या दोन्ही टोकांना लावा, आणि कुलूप असलेल्या, म्हणजे पोलादी क्लिपच्या, साटा केबल घ्या. हे काम कुठलंही कॅबिनेट असलं तरी करा. अर्धा तास लागतो.

एक गोष्ट अनेकांना बसवतानाच कळते. जुन्या डिस्कच्या प्रत्येक बाजूला तीन भोकं असायची. मोठ्या क्षमतेच्या नव्या डिस्कमध्ये मधलं भोक नसतं, आणि तळाच्या भोकांची जागाही बदललेली असते. काही जुनी कॅबिनेट आणि ट्रे नेमकं त्या मधल्या भोकावर अवलंबून असतात. मग डिस्क दोनच स्क्रूवर लटकते आणि थरथरते. एखादी मोठी डिस्क सोबत नेऊन ट्रेमध्ये लावून बघा. स्क्रूंचंही लक्षात ठेवा: साडेतीन इंचीला जाड आट्याचा ६-३२, एसएसडीला बारीक आट्याचा एम३. एकाच्या जागी दुसरा जोर लावून फिरवला की आटे गेले. दोन्ही बोहरी आळीत सुटे मिळतात.

विजेचा मुद्दा कॅबिनेटशी जोडलेलाच आहे, कारण जास्त कप्पे म्हणजे जास्त स्प्लिटर. डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर क्षणभर २ अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढते. आठ डिस्क एकदम उठल्या तर १६ अ‍ॅम्पिअर, म्हणजे १९२ वॅट. म्हणून २५० वॅटचा जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) चालत नाही, कागदावर रोजचा खर्च ७५ वॅट दिसला तरी. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अ‍ॅम्पिअरच्या, म्हणजे एकूण साडेचार. एका साटा टोकाला चार डिस्कचा स्प्लिटर लावलात तर सुरू होताना त्या टोकातून आठ अ‍ॅम्पिअर जातात. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा काढणारे, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले कनेक्टर तर हातात घेऊ नका. आतल्या तारा ओतताना सरकलेल्या असतात, कालांतराने दोन तारांमधलं प्लास्टिक जळतं आणि डिस्कही सोबत जाते. असा एक जळका कनेक्टर मी टेबलाच्या खणात ठेवला आहे: पांढरं प्लास्टिक कडेला तपकिरी, एका पिनेच्या जागी काळं भोक, आणि अजून जळका वास येतो. तारा पट्टीत दाबून बसवलेले, मागून झाकण उघडणारे कनेक्टर घ्या, आणि एसएमपीएस असा घ्या ज्याच्यातून साटाच्या निदान दोन स्वतंत्र वायरी निघतात. कॅबिनेटवर दोन हजार वाचत असतील तर ते इथे घाला.

यूएसबीची बाहेरची डिस्क फोडून आतली काढून लावणार असाल तर कधीकधी ती सुरूच होत नाही. डिस्क खराब नसते. नव्या पद्धतीत पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं असतं. त्या पिनेवर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी चिकटपट्टी) लावतात. मोलेक्सवर चालणाऱ्या बॅकप्लेनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच.

मित्राने सुचवलेल्या २४ कप्प्यांच्या रॅक केसबद्दल थोडक्यात. यंत्र म्हणून ती उत्तम असते: पत्रा जाड, ट्रे पोलादी, वारा अचूक. पण तो वारा ८० मिलिमीटरचे पंखे हजारो फेऱ्यांवर फिरवून येतो. हॉलमध्ये बोलणंही ऐकू येणार नाही. पंखे हळू केले की वाऱ्याचं गणितच मोडतं. लांबी दोन फुटांच्या वर, भरल्यावर एकट्याने उचलत नाही. आणि ज्या जुन्या केसमध्ये पहिल्या पिढीचा एसएएस एक्स्पांडर (एका जोडणीवरून अनेक डिस्क चालवणारी चिप) आहे ती २ टीबीच्या वरची डिस्क ओळखत नाही, स्वस्तात मिळण्याचं ते एक कारण असतं. ऑफिसात स्वतंत्र खोली असेल तर जरूर घ्या.

जॉन्सबो एन३ दिसायला देखणं, आठ डिस्क पुढून सरकतात, जागा कमी लागते. पण बोर्ड मिनी-आयटीएक्स आणि पॉवर सप्लाय एसएफएक्स, दोन्ही लहान मापाचे आणि तुलनेने महाग, त्यामुळे कॅबिनेट बजेटमध्ये बसलं तरी बाकीचं बजेट हलतं. त्या बोर्डावर एकच स्लॉट असतो. आठ साटा पोर्टसाठी तो एचबीए (जास्तीच्या डिस्क जोडण्याच्या) कार्डाला जातो, मग वेगवान नेटवर्क कार्ड लावायला जागा उरत नाही. एलएसआय कंपनीची ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली असतात. लहान कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकवर बोट टेकवत नाही, तिथे ४० मिलिमीटरचा पंखा बांधावाच लागतो. बॅकप्लेन बिघडला तर तो इथे दुकानात सुटा मिळत नाही, हेही धरून चाला. ज्यांना जागाच नाही त्यांनी एन३ घ्यावं. तुम्हाला कोपरा आहे.

उभ्या टॉवरमध्ये मी तुमच्यासाठी दोन नावं धरतो: अँटेकचं पी१०१ सायलेंट आणि फ्रॅक्टलचं डिफाइन आर५. दोन्हींत साडेतीन इंची आठ ट्रे, पुढे मोठे पंखे, बंद आवाज-रोधक दर्शनी भाग. आर५ हे २०१४ सालचं मॉडेल, त्यामुळे वापरलेलं मिळण्याची शक्यता जास्त. सगळे आठ ट्रे सोबत आहेत का ते मोजूनच पैसे द्या, सुटे ट्रे शोधताना दमछाक होते. डिफाइन ७ एक्सएलमध्ये अठरापर्यंत डिस्क बसतात, पण ते तुमच्या बजेटच्या आणि गरजेच्याही बाहेर आहे. ग्राफिक्स कार्डाची जागा बघत बसू नका. जेलीफिन किंवा प्लेक्स या मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअरला व्हिडिओ रूपांतरासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक घरच्या तीन-चार टीव्हींना पुरतं.

पुण्यातल्या घरांपुरत्या दोन सूचना. मागचे रिकामे स्लॉट पट्टी लावून बंद करा. पावसाळ्यात आणि थंडीत पाल उबेला आत शिरते, आणि ती एसएमपीएसच्या जाळीतून गेली की दोन्ही संपतात. अशी दोन कॅबिनेट मी उघडली आहेत. दुसरी, अर्थिंग. पेठांतल्या जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरी तार नुसतीच दिसायला असते. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. टेस्टरचा दिवा मंद पेटतो. तशा अवस्थेत एचडीएमआय केबल लावली तर टीव्हीचं पोर्ट जाऊ शकतं. कोथरूडची तुमची इमारत नवी असली तरी इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा सर्व्हर आपोआप नीट बंद होईल असा यूएसबी केबलचा यूपीएसही लागेलच, त्याची जागा टॉवरच्या शेजारी आत्ताच धरा.

कॅबिनेट आल्यावर डिस्क हलवण्याआधी कुठली डिस्क कुठल्या पोर्टला आहे त्याचे फोटो काढा. लग्नमुंजींचं चित्रण तेवढं वेगळ्या डिस्कवर उतरवून ती भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा, कारण सिनेमे परत मिळतात, ते मिळणार नाही. डिस्क बसवताना दोन रिकामे कप्पे सगळ्यात गरम जागी येतील असे सोडा, बहुधा ती जागा सगळ्यात वर किंवा पंख्यांच्या मधल्या सांध्यासमोर असते. पहिला पॅरिटी चेक झाकण लावूनच, दुपारी सुरू करा आणि रात्रीपर्यंत दर तासाला तापमान लिहा. जी डिस्क सगळ्यात गरम निघेल तिच्यासमोर उदबत्ती धरून बघा.